बंब घडविणारे हात

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपल्याकडे कोणालाही लावता येते. डोके दुखत असता पोटाचे औषध देणारा वैद्य असो, की गळक्या छपराची तक्रार ऐकून समोरचा रस्ता खणून जाणारे एखादे खाते असो, या म्हणीत सर्वांची सोय आहे. मात्र ती वापरताना तिच्यातल्या बंबाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बंब म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ती लाल मोटार, घणघणती घंटा आणि वर चढत जाणारी शिडी. पण हा मोटारीचा बंब म्हणजे या घराण्यातले धाकटे अपत्य. त्याच्या आधी वाफेचा बंब होऊन गेला आणि त्याच्याही आधी, चांगली दोनशे वर्षे, जगातल्या मोठमोठ्या शहरांच्या आगी विझविल्या त्या माणसांच्या दंडांवर चालणाऱ्या हातबंबांनी.

आपला शब्दही हीच साक्ष देतो. ‘बंब’ आपल्याकडे आला तो पोर्तुगिजांच्या ‘बोंबा’वरून आणि बोंबा म्हणजे पंप. पोर्तुगालमध्ये आग विझविणाऱ्या जवानाला आजही ‘बोंबेइरो’ म्हणजे पंपवाला असेच म्हणतात. एकेकाळी आपल्या न्हाणीघरात धुमसत बसणाऱ्या तांब्याच्या बंबानेही हेच नाव धारण केले. तेव्हा मूळ बंब म्हणजे गाडी नव्हे, घंटा नव्हे, शिडीही नव्हे. पाणी फेकणारा पंप आणि तो हलविणारी माणसे.

मला या हातबंबांचा नाद लागला तो त्यांच्या कर्त्यांमुळे. आग विझविण्याचे यंत्र कोणी बनविले असेल, असे विचारले तर आपण म्हणू, कोणी सेनापतीने, नाहीतर मोठ्या शास्त्रज्ञाने. प्रत्यक्षात यादी निघते ती अशी: एक न्हाव्याचा मुलगा, एक सोनार, एक कंपास बनविणारा, एक चित्रकार, एक अंगुस्तानवाला, एक बटणवाला आणि एक लोहार. एखाद्या गावच्या बाजारपेठेतून चक्कर मारावी तशी ही यादी आहे!

न्हाव्याच्या मुलाची पिचकारी

हा न्हाव्याचा मुलगा म्हणजे टेसिबियस. ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात तो इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात होऊन गेला. त्याचे पितृकुल रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस याने नोंदवून ठेवले आहे. टेसिबियसने पाणी वर फेकणारा दोन नळकांड्यांचा पंप बसविला आणि त्याच शहरातल्या हेरॉन नावाच्या पंडिताने पुढे आगीसाठी वापरायच्या अशा पंपाचे वर्णन लिहिले. त्याची तोटी हव्या त्या दिशेला वळविता येत असे.

ही युक्ती समजायला शास्त्र नको, रंगपंचमीची पितळी पिचकारी पुरे. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला की पाणी आत येते, पुढे दाबला की धार उडते. पण ओढण्याच्या वेळी धार बंद. आता दोन पिचकाऱ्या घ्या आणि मुलांच्या बागेत फळी खालीवर होते तशा एका दांड्याच्या दोन टोकांना बांधा. एक दट्ट्या वर जाईल तेव्हा दुसरा खाली येईल. एक पाणी भरील, दुसरा फेकील. पाणी उलट जाऊ नये म्हणून झडपा बसविल्या की झाला बंब! पुढील दोन हजार वर्षांत बहुतेक सर्व हातबंब याच कल्पनेवर चालले.

रोमन लोकांनी ही विद्या उचलली. त्यांच्या काळचे ब्राँझचे असे जोडपंप उत्खननात सापडले असून काही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सम्राट ऑगस्टस याने इसवी सन ६ मध्ये रोममध्ये रात्रीचा पहारा आणि आग या दोन्हींसाठी पगारी पथके उभारली होती. पण साम्राज्य गेले आणि त्याच्याबरोबर युरोपातून बंबही गेला. नंतर शतकानुशतके लाकडी घरांची शहरे जळत राहिली आणि लोक चामड्याच्या बादल्या घेऊन धावत राहिले.

सोनार आणि कंपासवाला

बंबाने पुन्हा डोके वर काढले ते जर्मनीत. आउग्सबर्ग शहराच्या १५१८ सालच्या हिशोबात आगीसाठी चाकांवरच्या पाण्याच्या पिचकाऱ्या बनविल्याची नोंद आहे आणि त्या करणाराचे नाव आहे अंटोन प्लाटनर. धंदा सोनाराचा! मला यात नवल वाटत नाही. दट्ट्या आणि नळकांडे यांच्यात केसाएवढी फट राहिली तर धारेचा जोर गेला. धातू इतका नेमका बसविणारा हात त्या काळी सोनाराखेरीज कोणाचा असणार?

पुढे न्यूरेंबर्ग शहरात हान्स हाउट्श या कंपास बनविणाऱ्या कारागिराने १६५० नंतरच्या काही वर्षांत एक अवाढव्य बंब केला. तो हलवायला २८ माणसे लागत आणि धार सुमारे ८० फूट उंच जाई. हे यंत्र पाहणाऱ्या कास्पार शॉट या विद्वानाने त्याचे वर्णन छापले. मात्र आतली रचना काही त्याला पाहायला मिळाली नाही. हाउट्शने ती गुपित ठेवली होती. आपली मसाल्याची कृती शेजारणीला न सांगणारी गृहिणी आणि हा कारागीर एकाच जातीचे!

पण या बंबांत एक मोठे वैगुण्य होते. तोटी थेट यंत्रावर बसविलेली असल्यामुळे बंब आगीच्या अगदी तोंडाशी न्यावा लागे. पुढून ज्वाळा, वरून पडणाऱ्या तुळया आणि टाकीत पाणी भरायचे ते बादल्यांनी. लंडनने या वैगुण्याची किंमत मोजली. २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे पुडिंग लेन नावाच्या गल्लीत टॉमस फॅरिनर या पाववाल्याच्या दुकानात आग लागली आणि ती चार दिवस शहर खात गेली. लंडनमध्ये तेव्हा बंब होते. पण अरुंद गल्ल्यांत ते शिरेनात आणि पाणी भरायला थेम्सवर नेलेले काही बंब नदीतच कोसळले. सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्चे जळाली. शेवटी सुरुंगाच्या दारूने घरे उडवून मध्ये मोकळी जागा केली आणि वाराही पडला, तेव्हा आग आटोक्यात आली.

आपल्या मुंबईनेही हेच भोगले आहे. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटातल्या वस्तीला आग लागली, तेव्हा ती थोपविण्यासाठी तोफा लावून भोवतालची घरे पाडावी लागली होती. आगीपुढे धार अपुरी पडली की घर वाचविण्यासाठी घरच पाडावे लागते!

चितारी आणि त्याची कातडी नळी

या कोड्याचे उत्तर शोधले ते एका चित्रकाराने. अ‍ॅमस्टरडॅमचा यान व्हान डर हेडेन (१६३७–१७१२) हा शहरांची चित्रे काढण्यात निष्णात होता. त्याच्या चित्रात भिंतीची वीट अन् वीट मोजून घ्यावी इतके बारीक काम. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आणि पॅरिसच्या लूव्हरमध्ये त्याची चित्रे आजही टांगलेली आहेत. पंधरा वर्षांचा असताना, १६५२ साली, त्याने अ‍ॅमस्टरडॅमचा जुना नगरभवनवाडा जळताना डोळ्यांनी पाहिला होता. ज्याला प्रत्येक विटेवर माया, त्याच्या मनातून ते दृश्य कसे जावे?

१६७२ च्या सुमारास यान आणि त्याचा भाऊ निकोलास यांनी बंबाला कातड्याची लांब लवचिक नळी जोडली. पन्नास-पन्नास फुटांचे तुकडे, टोकांना पितळी आटे. हवे तितके तुकडे एकमेकांना जोडत जावे. मोट आणि पखाल पाहिलेल्या आपल्याला कातड्यातून पाणी नेण्याचे कौतुक वाटणार नाही; पण पंपाचा दाब सोसणारी शिवण घालणे ही वेगळी गोष्ट. शिवाय कालव्यातून पाणी बंबात घेण्याचीही सोय त्यांनी केली, त्यामुळे बादल्यांची रांग वाचली. आता बंब कालव्याकाठी उभा राहू शकत होता आणि माणूस नळी घेऊन जिना चढून थेट आगीच्या खोलीत शिरू शकत होता. थोडक्यात, बंब सोमेश्वरी उभा करून पाणी रामेश्वरी पाडण्याची सोय झाली!

१६९० साली त्याने या बंबांवर मोठ्या चित्रांचे पुस्तक काढले. त्यात जुन्या-नव्याचा जमाखर्चच मांडला आहे: जुन्या पद्धतीच्या काळात दहा आगींत दहा लाख गिल्डरांहून अधिक नुकसान, तर नळीचे बंब आल्यानंतरच्या पाच वर्षांत चाळीस आगी होऊनही वीस हजारांच्या आतच. माल विकणाराचा हिशोब म्हणून थोडा काट मारून घेतला तरी फरक डोळ्यांत भरतोच. याच गृहस्थाने अ‍ॅमस्टरडॅमच्या रस्त्यांवर तेलाचे दिवे लावण्याची योजनाही आखली होती. दिवा लावणारा आणि आग विझविणारा एकच!

अंगुस्तान आणि बटणे

हॉलंडची ही विद्या लंडनला नेणाऱ्यांत जॉन लॉफ्टिंग होता. १६९० मध्ये त्याने इंग्लंडात बंबाचे पेटंट घेतले. त्याचा दुसरा धंदा होता शिवणकामाची अंगुस्ताने यंत्रावर बनविण्याचा. एका हाताने शिंप्याचे बोट सांभाळायचे, दुसऱ्याने शहर.

पण हातबंबाला खरी कीर्ती मिळवून दिली ती रिचर्ड न्यूशॅम याने. हा लंडनच्या क्लॉथ फेअर भागातला, शिंपल्याची बटणे बनविणारा माणूस. १७२१ आणि १७२५ साली त्याने बंबाची पेटंटे घेतली. त्याने विचार केला तो गल्लीचा. बंब लांब पण अरुंद ठेवला आणि दांड्या दोन्ही बाजूंना लांबीच्या दिशेने बसविल्या, त्यामुळे बोळातही माणसांना उभे राहता येई. मधल्या भागात पायाने दाबायच्या फळ्या होत्या. मागावर कोष्टी पाय चालवितो तशी काही माणसे त्यांवर उभी राहून अंगाचा भार टाकीत. म्हणजे दंडांच्या जोडीला मांड्यांचाही जोर मिळे.

शिवाय त्यात हवेचा घुमट होता. ही युक्ती युरोपातल्या आणखी काही कारागिरांनाही ठाऊक होती, पण न्यूशॅमच्या बंबांमुळे ती सर्वतोमुखी झाली. दोन नळकांड्यांची धारसुद्धा दांडी पालटताना क्षणभर अडखळते. न्यूशॅमच्या बंबात पाणी आधी एका बंद भांड्यात शिरे. तिथली हवा दबली जाई आणि मधल्या क्षणी तीच पाणी बाहेर ढकली. घरात पेटी असेल तर हे चटकन कळेल. पेटीवाला भाता थांबून थांबून हलवितो, पण आत साठलेल्या हवेमुळे सूर अखंड लागतो.

त्याच्या मालाला आणखी एक कारण अनुकूल होते. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी कायद्याने लंडनच्या प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर, बंब ठेवण्याची सक्ती केली आणि आगीपाशी प्रथम पोचणाऱ्या बंबाला ३० शिलिंग, दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला १० असे बक्षीस लावले. लंडनबाहेरची गावेही बंब घेऊ लागली. विल्टशायरमधल्या ग्रेट विशफर्ड या लहानशा गावाने १७२८ साली न्यूशॅमकडून सुमारे ३३ पौंडांना एक बंब घेतला. तो तिथल्या चर्चमध्ये जपून ठेवला आहे. १७३१ च्या डिसेंबरात ‘बीव्हर’ नावाच्या जहाजातून न्यूशॅमचे दोन बंब न्यूयॉर्कला उतरले. आज गगनचुंबी इमारतींचे असलेले ते शहर तेव्हा या दोन लाकडी पेट्यांच्या भरवशावर झोपू लागले. १७४३ मध्ये न्यूशॅम वारला. धंदा मुलाकडे आणि त्याच्यामागून जॉर्ज रॅग या आप्ताकडे गेला. पण बंबावरचे नाव पुसले गेले नाही.

दांडीवर कोण?

यंत्र झाले. पण ते हलविणार कोण? हातबंबाच्या गोष्टीतला अवघड प्रश्न हाच आहे.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्याशेजारच्या लाकडाच्या वखारीला एका रात्री आग लागली. बंब येईपर्यंत हौदापासून वखारीपर्यंत माणसांची रांग लागली. बादल्या, कळश्या, घंघाळे, जे हाती येईल ते पुढे सरकत होते. भाडेकरू-मालक म्हणून महिनोन्महिने अबोला धरलेली दोन माणसे त्या रांगेत शेजारी उभी राहून एकमेकांच्या हाती कळशी देत होती. माझ्या लक्षात राहिले ते मात्र वेगळेच. पंधरा-वीस मिनिटांत रांग विरळ झाली. कोणी पळून गेले नव्हते. हात भरून आले होते, इतकेच.

हातबंबाचीही हीच कथा. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात सर्रास वापरात असलेल्या बंबाची नळकांडी ७ इंच व्यासाची असत. मिनिटाला ४० वेळा दांडी खालीवर केली की त्यातून सुमारे ८८ गॅलन, म्हणजे ४०० लिटर पाणी निघे. पण त्यासाठी पंचवीसेक धट्टीकट्टी माणसे लागत आणि तीही सारखी पालटावी लागत. म्हणून रस्त्यावरच्या बघ्यांनाच दांडीवर लावीत. पहिल्या तासाला एक शिलिंग, पुढे तासाला सहा पेन्स आणि बिअर. बिअर यायला उशीर झाला की ‘बिअर हो! बिअर हो!’ असा ठेका धरून दांडी मंदावे आणि धार बसे. आपल्याकडे मुकादमाने चहा विसरावा आणि पाट्या उचलणाऱ्या गड्यांनी सावलीत बैठक मारावी, तसेच ते.

विमा कंपन्यांनीही आपापली बंबपथके ठेवली होती आणि विमा उतरविलेल्या घरांवर त्या शिशाचे बिल्ले ठोकीत. बिल्ला नसलेले घर ही पथके खुशाल जळू देत, अशी कथा फार प्रसिद्ध आहे; अभ्यासक मात्र आता तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. शेजारचे घर जळू दिले तर आग विमेदाराच्या घरात यायला कितीसा वेळ लागणार? खरी दैना झाली ती पॅरिशच्या बंबांची. सक्ती म्हणून घेतलेले यंत्र कोपऱ्यात गंजत पडले, कातडी वाळून चिरली आणि आगीच्या वेळी पोरेटोरे ते ओढीत नेऊ लागली. चार्ल्स डिकन्सने आपल्या आरंभीच्या लेखनात अशा बंबाची यथेच्छ टर उडविली आहे. बटणवाल्याने जीव ओतून केलेले यंत्र, पण त्याला तेल घालायला कोणी नाही!

तुरुंगातून सुटलेला लोहार

अमेरिकेत मात्र बंबाला वेगळे प्रेम मिळाले. फिलाडेल्फियात १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिनने शेजाऱ्यांना जमवून आगीशी झुंजणारे स्वयंसेवक मंडळ काढले आणि मग अशी मंडळे गावोगाव झाली. याच फिलाडेल्फियात पॅट्रिक लायन नावाचा लोहार होता. लंडनहून १७९३ साली आलेला, कुलपांच्या कामात तरबेज.

१७९८ च्या ऑगस्टमध्ये शहरात पीतज्वराची साथ भडकली होती. लायनने बँक ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या तिजोरीखोलीच्या लोखंडी दारांचे काम पुरे केले आणि आपल्या कोवळ्या उमेदवाराला घेऊन तो समुद्राकाठच्या लूइस गावी निघून गेला. तो पोरगा तिथेच तापाने गेला. इकडे महिनाअखेरीस बँक फुटली. १,६२,८२१ डॉलर नाहीसे झाले. कुलपे न मोडता चोरी झाली, तेव्हा संशय लोहारावर! हे कळताच लायन पळाला नाही; आपले नाव निर्मळ करण्यासाठी आपण होऊन फिलाडेल्फियास परतला. त्याचे बक्षीस म्हणून त्याला वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगात टाकले आणि जामीन मागितला तो त्याला सात जन्मांत देता येणार नाही इतका.

खरा चोर होता आयझॅक डेव्हिस. बँकेचाच पहारेकरी त्याला सामील होता आणि तोही साथीत दगावला होता. डेव्हिसने चोरलेला पैसा त्याच बँकेत भरायला सुरुवात केली आणि म्हणून तो सापडला. त्याने कबुली दिली, पैसे परत केले आणि मोबदल्यात माफी मिळविली. चोर मोकळा आणि लोहार मात्र त्यानंतरही काही काळ कोठडीत! जवळजवळ तीन महिन्यांनी सुटल्यावर लायनने आपली कहाणी छापली, फिर्याद लावली आणि १८०५ साली जूरीने त्याला १२,००० डॉलर देवविले. शेवटी ९,००० वर तडजोड झाली.

ज्या शहराने आपल्याला चोर ठरविले त्या शहरावर हा मनुष्य उलटला असता तर कोणी दोष दिला नसता. लायनने काय केले? त्याने त्या शहरासाठी बंब घडविले. फिलाडेल्फिया पद्धतीच्या दोन मजली बंबांत त्याचे नाव झाले: काही गडी जमिनीवर उभे, काही वरच्या फळीवर, आणि दोन्ही टोकांच्या दांड्या एका तालात. पुढे हातात पैसा खेळू लागल्यावर त्याने जॉन नीगल या चित्रकाराला आपले चित्र काढायला बोलाविले. अट एकच: मला साहेबी पोशाखात दाखवायचे नाही, भट्टीपाशी, कातडी अंगरख्यात, हातोडा घेऊन दाखवायचे. १८२७ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या या चित्रात खिडकीतून एक घुमट दिसतो. तो वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगाचा आहे.

वाफ आली, आणि हात पुन्हा आले

१८२९ मध्ये लंडनमध्ये ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी वाफेचा पहिला बंब केला. पुढल्याच हिवाळ्यात एका मोठ्या आगीत कडाक्याच्या थंडीने हातबंब गोठले आणि वाफेचा बंब तासन्‌तास चालत राहिला. तरी लंडनच्या दलाचा नामांकित प्रमुख जेम्स ब्रेडवुड वाफेला फारसा अनुकूल नव्हता. १८६१ साली टूली स्ट्रीटच्या भीषण आगीत भिंत कोसळून तो आपल्या माणसांजवळच मरण पावला. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराने मात्र १८५३ मध्ये वाफेचे बंब आणि पगारी दल सुरू केले. वाफ थकत नव्हती आणि बिअरही मागत नव्हती.

तरीही हातबंब संपला नाही. १९४० साली लंडनवर आगलावे बॉम्ब पडू लागले, तेव्हा घरोघरी बादलीत उभा करायचा, पायाने दाबून धरायचा आणि हाताने चालवायचा छोटा पंप हाती आला. एक पंप मारी, एक नळी धरी, एक बादल्या आणी. पोर्तुगीज भाषेत बोंबा म्हणजे पंपही आणि बॉम्बही. इथे बॉम्बपुढे बंब उभा राहिला, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातांनी. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टायकीन’ जहाजाचा स्फोट झाला. तिथे मोटारीचे बंब होते, पण नळी धरायला माणसेच लागतात. ६६ जवान त्या दिवशी परत आले नाहीत. आपल्याकडे १४ एप्रिल हा दिवस त्यांच्यासाठी पाळला जातो.

आज आपल्या हातून कोणी दांडी हलवून घेत नाही. १०१ वर फोन केला की आपले काम संपले, असे आपल्याला वाटते. पण मजल्यामजल्यावर, जिन्याशेजारी एक लाल पेटी असते. तिच्यात त्या अ‍ॅमस्टरडॅमच्या चितार्‍याच्या नळीचीच पणती गुंडाळून ठेवलेली असते. अनेक इमारतींत त्या पेटीत मला केरसुणी, जुनी वर्तमानपत्रे आणि कोणाची तरी छत्री दिसली आहे. आणि खाली, बंब यायच्या वाटेवर, आपल्याच गाड्यांची रांग. या दिवाळीत दारात पणत्या लावून झाल्या की ती पेटी एकदा उघडून पाहावी, नळी जागेवर आहे का, चक्र फिरते का, हे बघावे, आणि ती कशी सोडायची हे घरातल्या निदान दोघांनी वॉचमनला विचारून ठेवावे. त्यालाही ठाऊक नसेल, तर पुढच्या सभेत रंगाच्या खर्चाआधी तोच विषय घ्यावा.